आल्प्समध्ये माउंटन बायकिंगसाठी जूनमध्ये जावे की सप्टेंबरमध्ये? मुक्काम, सायकल आणि तयारीविषयी मार्गदर्शन हवे आहे

धुऱ्यावरचा सायकलस्वार, तालुका वरुड

सर्वांना नमस्कार. पुढच्या वर्षी आल्प्स पर्वतात माउंटन बायकिंगसाठी दहा-बारा दिवस जायचे, असे आम्ही दोघा भावांनी ठरवले आहे. पैशांची तजवीज गेल्या काही हंगामांपासून सुरू आहे, त्यामुळे आता नुसती चर्चा न करता तारखा ठरवायच्या आहेत. मी संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी सांभाळतो, तर धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आम्ही दोघेही हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला धक्के शोषणारी यंत्रणा असलेल्या सायकली चालवतो. सातपुड्याच्या पायथ्याचे पांदण रस्ते, मुरमाच्या टेकड्या आणि हिवाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट एवढीच आमची आतापर्यंतची शाळा.

खरी अडचण वेळेची आहे. भावाची उन्हाळी सुटी जूनच्या अखेरीस संपते, म्हणून त्याला जूनमध्येच जायचे आहे. परंतु मृग लागला की पेरणीच्या दिवसांत मला शेत सोडता येत नाही. मला सप्टेंबर बरा पडतो, कारण तोवर निंदण-डवरण आटोपलेले असते आणि बागेकडे आमचे काका लक्ष देऊ शकतात. दुसरा प्रश्न मुक्कामाचा आहे. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली असे तीन देश एकाच फेरीत करावेत, की एका गावी राहून तिथूनच रोज निघावे? स्वतःच्या सायकली न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात, आणि घाट चढण्याचा सराव असलेल्या माणसाने आणखी कोणती तयारी करावी, हेही जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

मूळचा अचलपूरचा, सध्या म्युनिक

भाऊ, आपल्या भागातील शेतकरी या वाटेने निघाला हे वाचून मनापासून आनंद झाला. वेळेच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा आणि धाकट्या भावाला आतापासूनच रजेची बोलणी करायला सांगा.

आल्प्समधील माउंटन बायकिंगचा मोठा भाग लिफ्टवर अवलंबून असतो. हिवाळ्यात स्कीइंग करणाऱ्यांना वर नेणाऱ्या केबल कार आणि खुर्च्यांच्या लिफ्ट उन्हाळ्यात सायकलींसाठी चालवल्या जातात. बहुतेक ठिकाणी हा हंगाम जूनच्या मध्यापासून किंवा अखेरीपासून सुरू होतो. त्यातही दोन-अडीच हजार मीटरवरच्या पायवाटांवर जूनच्या शेवटापर्यंत, कधी जुलै उजाडेपर्यंत बर्फ असतो. विदर्भातील शाळांच्या सुटीत आलात तर ज्या उंच वाटांसाठी एवढा खर्च करायचा, नेमक्या त्याच बंद मिळण्याची शक्यता मोठी. दिवाळीच्या सुटीचा विचार कुणी सुचवेल, पण तोपर्यंत बहुतेक लिफ्ट थांबलेल्या असतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये सर्व काही सुरू असते खरे; मात्र तेव्हा युरोपातील लोकही सुटीवर असतात, खोल्या महाग होतात आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस वारंवार येतो. वीज चमकू लागली की लिफ्ट थांबवतात आणि उघड्या डोंगरधारेवर थांबणे जिवावर बेतू शकते. ऐन पावसात उघड्या वावरात विजांची धास्ती काय असते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

सप्टेंबरमध्ये हवा तुलनेने स्थिर असते, गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उजेड मिळतो. सकाळी थंडी मात्र चांगलीच असते. हजार मीटर वर गेले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते आणि लिफ्ट एवढी उंची काही मिनिटांत गाठते, त्यामुळे खाली टी-शर्टमध्ये असलेल्या माणसाला वर पोहोचताच वारा अडवणारे जाकीट लागते. उंचावर अधूनमधून नवा बर्फही पडतो. अशा दिवशी दरीतील वाटा फिराव्यात.

आता मुक्काम. तीन देशांचा बेत कृपा करून सोडून द्या. नकाशावर ही गावे जवळ दिसतात, पण मध्ये डोंगररांगा आहेत आणि सायकलीच्या सामानासह प्रत्येक स्थलांतरात एक पूर्ण दिवस जातो. सीमा ओलांडण्याचीच हौस असेल तर पोर्त द्यु सोलेई हा प्रदेश पाहावा. तिथे फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधील बारा गावे एकाच लिफ्ट-पासवर जोडलेली आहेत आणि सकाळी फ्रान्समधून निघून स्विस बाजूला जेवून परत येता येते. त्यातील ले जे या गावी २००४ आणि २०२२ मध्ये माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. शेजारचे मोर्झिन हे गाव मुक्कामासाठी सोयीचे असून जिनिव्हा विमानतळाहून मोटारीने साधारण दीड तासात गाठता येते. मात्र तिथला हंगाम सप्टेंबरच्या मध्याकडे आटोपतो, म्हणून तारखा थोड्या जरी पुढे गेल्या तरी पंचाईत होईल.

तुमच्यासाठी मी ऑस्ट्रियातील झालबाख आणि लेओगांग ही जोडी सुचवेन. तिथल्या लिफ्ट सप्टेंबरनंतरही चालतात. लेओगांगला रेल्वे स्थानक आहे आणि म्युनिकहून गाडी बदलून तीन तासांच्या आसपास पोहोचता येते. मुंबईहून म्युनिकला थेट विमानही आहे. झालबाख सुमारे हजार मीटरवर आहे, म्हणजे गाव चिखलदऱ्यापेक्षा किंचित खालीच, आणि तिथून लिफ्टने दोन हजार मीटरपर्यंत चढता येते. लेओगांगमध्येही २०१२ आणि २०२० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, पण तेवढ्यावरून बिचकू नका, कारण त्याच डोंगरावर नवख्यांसाठी सोप्या वाटा मुद्दाम बांधलेल्या आहेत. वाटांची वर्गवारी रंगांनी केलेली असते: निळी सोपी, लाल मध्यम आणि काळी अवघड. पहिले दोन दिवस निळ्या वाटेपलीकडे जाऊ नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑस्ट्रियात १९७५ च्या वनकायद्यानुसार जंगलात पायी फिरण्याचा हक्क सर्वांना आहे, पण सायकल चालवण्यासाठी जागेच्या मालकाची परवानगी लागते. म्हणून सायकलींसाठी खुणा केलेल्या वाटांवरच राहावे. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात अनेक पायवाटा चालणारे आणि सायकलस्वार मिळून वापरतात आणि तिथे वेग कमी करून चालणाऱ्याला आधी जाऊ देण्याची पद्धत आहे. तो प्रदेशही फार सुंदर आहे, परंतु स्वित्झर्लंडमधील जेवण आणि खोलीचे दर पाहता पहिल्या फेरीसाठी मी तो सुचवणार नाही.

यवतमाळची सायकलस्वार

दादा, आम्ही पती-पत्नी शेती आणि दुकान सांभाळून असाच प्रवास करून आलो आहोत, म्हणून कागदपत्रांविषयी लिहिते.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून विमान म्युनिकला उतरणार असले तरी मुक्काम ऑस्ट्रियात असेल तर अर्ज ऑस्ट्रियाकडेच जाईल. शेतकऱ्याची अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांकडे आयकर विवरणपत्रच नसते. आम्ही सातबाऱ्याचा इंग्रजी अनुवाद, बाजार समितीच्या विक्रीच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांशी जुळणाऱ्या जमा नोंदी दिसतील असे बँकेचे खातेउतारे जोडले होते. संत्र्याचे पैसे व्यापाऱ्याकडून रोख घेण्याची सवय असेल तर या हंगामापासून ते खात्यातच घ्या, कारण अर्जाच्या तोंडावर एकरकमी भरलेला पैसा संशय निर्माण करतो. भावजींना शाळेकडून रजेचे पत्र आणि जिल्हा परिषदेकडून परदेश प्रवासाची परवानगी लागेल. त्या फाइलला वेळ लागतो, म्हणून तिला सर्वांत आधी हात घाला.

विम्याबाबत अधिक सावध राहा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण सर्वसाधारण प्रवासविम्यातून साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. आमच्या पहिल्या पॉलिसीत सायकलिंग समाविष्ट असल्याचे तोंडी सांगितले गेले. कागद बारकाईने वाचला तेव्हा डोंगरउतारावरील सायकलिंग अपवादांच्या यादीत निघाले आणि आम्ही ती बदलून घेतली. डोंगरात हाड मोडले तर हेलिकॉप्टर बोलवावे लागू शकते आणि त्याचा खर्च प्रचंड असतो. लिफ्टने वर जाऊन सायकलने उतरणे आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही समाविष्ट असल्याचे ई-मेलवर लेखी घ्या. संकटकाळी ११२ हा क्रमांक सर्व देशांत चालतो.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी. ज्वारीचे पीठ, डाळ, तिखट आणि भाजके पोहे नेता येतात, पण बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच ठेवा. बागेतील संत्री कुणाला भेट द्यावीशी वाटतील, पण ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. रविवारी ऑस्ट्रियातील बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवा.

क्रीडाशिक्षक, परतवाडा

आपण सर्वजण चढाचा सराव करतो आणि त्याचा अभिमानही बाळगतो. परतवाडा ते चिखलदरा हा घाट सुमारे सातशे मीटरची चढाई देतो आणि त्याने पाय व दम उत्तम तयार होतो. आल्प्समध्ये मात्र लिफ्ट वर नेते आणि एकेका उतारात त्याहून अधिक उंची खाली यावे लागते, तेही डांबरावरून नव्हे तर मुळे, सुटे दगड आणि वळणे यांवरून, आणि हे दिवसातून अनेकदा. तिथे आधी हात, मनगटे आणि मांड्या थकतात. म्हणून तयारी उतरण्याची करावी.

त्यासाठी मुरमाची बरड टेकडी शोधावी. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतते आणि सराव होत नाही. उतारावर सीटवरून उठावे, दोन्ही पेडल आडवे एका पातळीत ठेवावेत, गुडघे आणि कोपर सैल ठेवावेत आणि नजर चाकाच्या पुढ्यात न ठेवता वळणाच्या पलीकडे न्यावी. ब्रेक वळणाआधी लावून वळणात सोडून द्यावा. सतत ब्रेक दाबून उतरल्यास डिस्क आणि पॅड तापतात, पकड कमी होते आणि बोटे आखडतात. थोडा जोरात ब्रेक, मग पूर्ण मोकळा, अशी लय अंगी बाणवावी. एकाच बोटाने ब्रेकचा लिव्हर (दांडी) दाबण्याची सवय आतापासून लावावी. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा सरावाच्या नादात सार्वजनिक रस्ता सोडून जंगलवाटेला लागू नये, हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो.

आणि एक बाब जी कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो आणि मोटारसायकलमुळेही हाताला तीच सवय असते. युरोपच्या मुख्य भूमीवर सायकलचा डावा लिव्हर पुढच्या चाकाचा आणि उजवा मागच्या चाकाचा असतो. तीव्र उतारावर घाबरून डावा लिव्हर मागचा समजून जोरात दाबला तर पुढचे चाक जागीच अडते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

सायकल मात्र तिथेच भाड्याने घ्यावी. हार्डटेलवर निळी वाट उतरता येईल, पण दिवसभर असे उतार करायचे तर १५० मिलिमीटरच्या आसपास सस्पेन्शन असलेली फुल-सस्पेन्शन सायकल, म्हणजे दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा असलेली सायकल, शरीर वाचवते. शिवाय ती बिघडली तर दुकानदार बदलून देतो. हनुवटी झाकणारे हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांचे पॅड तिथेच मिळतात. बूट, हातमोजे आणि गादीची चड्डी स्वतःची, वापरून मऊ झालेली न्यावी.

धुऱ्यावरचा सायकलस्वार, तालुका वरुड

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भावाशी बोललो, सप्टेंबरच्या रजेसाठी तो याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटणार आहे आणि मुक्काम झालबाखलाच ठेवायचा असे आमचे ठरले. आंबिया बहाराच्या संत्र्यांची विक्री यंदा पूर्णपणे खात्यावर घेणार आहे. सरांना एकच विचारायचे आहे: भाड्याच्या सायकलचे ब्रेक आपल्या सवयीप्रमाणे उलटे लावून मिळतात का?

क्रीडाशिक्षक, परतवाडा

भाऊ, इंग्लंडमध्येही उजवा ब्रेक पुढचाच असतो आणि तिकडचे पुष्कळ लोक आल्प्समध्ये येतात, त्यामुळे दुकानदारांना ही मागणी नवी नसते. आरक्षण करतानाच लेखी कळवावे आणि सायकल ताब्यात घेताना ती उभ्या जागी ढकलून, एकेक लिव्हर दाबून कोणते चाक अडते ते स्वतः पाहावे. दोघांच्याही सायकली एकाच पद्धतीच्या करून घ्याव्यात, कारण वाटेत सायकलींची अदलाबदल होतेच. दुकानदाराने बदल करण्यास नकार दिला तर पहिला अर्धा दिवस लिफ्टकडे न जाता दरीतील सपाट वाटेवर घालवावा आणि डाव्या हाताला नवी सवय लागल्यावरच वर जावे. दोन महिने आधी स्वतःच्या सायकलचे ब्रेक इथेच अदलाबदल करून चालवले तर तोही वेळ वाचेल. तुमच्या सायकलींना केबलचे ब्रेक असतील तर हे काम गावातील मिस्त्री अर्ध्या तासात करून देईल.