इंटर्नशिप एकही नाही. रेझ्युमेत 'अनुभव' खाली काय लिहू?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. संख्याशास्त्रात पदवी घेतली, निकाल लागून पाच महिने झाले. डेटा अ‍ॅनालिस्टच्या सुरुवातीच्या जागा शोधतेय. एक्सेल बरं येतं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कामापुरतं, पायथन अजून धडपडत.

अडचण अशी की माझ्या रेझ्युमेत 'शिक्षण' आहे, 'कौशल्ये' आहेत आणि मधे ठळक अक्षरात 'अनुभव' लिहून त्याखाली पांढरं मैदान. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, दिवसा घरी थांबणारी मी एकटीच होते. पुढच्या सुट्टीत जाग आली तोवर सगळीकडच्या इंटर्नशिप भरल्या होत्या. तो दोष माझाच.

आतापर्यंत ६३ अर्ज केले (वहीत मांडून ठेवलेत, संख्याशास्त्रवाली आहे शेवटी). पाच ठिकाणांहून 'आपल्या अर्जाबद्दल धन्यवाद', बाकी सामसूम. एकच मुलाखत झाली. समोरच्यांनी विचारलं, "सुट्ट्यांमध्ये काय केलंत?" मी म्हटलं, "काही नाही." त्यानंतर पाच मिनिटांत मी जिन्यात होते.

मैत्रीण म्हणते, कुणातरी ओळखीच्यांकडून लेटरहेडवर दोन महिन्यांचं पत्र घे, सगळेच घेतात. मन होत नाही, पण विचार डोक्यातून जातही नाही. ज्यांनी इंटर्नशिपशिवाय पहिली नोकरी मिळवली त्यांनी सांगा, नेमकं काय केलंत?

बाकावरचा

लेटरहेडचं सोड. मी तो उद्योग करून बसलोय.

वडिलांच्या मित्राच्या ऑफिसचं पत्र होतं, सही-शिक्का सगळं चोख. मुलाखतीतल्या बाईंनी अगदी मायेने विचारलं, "सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिलं काय उघडायचात?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." त्या हसल्या. "बरं, आणि त्यात?" त्यात काय उघडायचो ते मला आजतागायत सुचलेलं नाही. पुढची दहा मिनिटं त्या पत्राकडे बघत होत्या आणि मी पंख्याकडे.

पहिली नोकरी त्यानंतर चार महिन्यांनी लागली, त्या पत्राशिवाय. 'सगळेच घेतात' म्हणणारे मुलाखतीला आपल्यासोबत येत नाहीत.

जुनीफाइल

मी टेबलाच्या पलीकडची. बरीच वर्षं डेटाच्या टीमसाठी नवी मुलं निवडतेय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गेल्या खेपेला एका जागेसाठी आलेले १४० रेझ्युमे मी एका दुपारी चाळले. पहिल्या फेरीत एकेकाला अर्धा मिनिट मिळालं असेल-नसेल. अन्याय आहे, पण तसंच होतं. त्या अर्ध्या मिनिटात मी 'इंटर्नशिप' हा शब्द शोधत नाही. या मुलीने किंवा मुलाने एखादं काम शेवटापर्यंत नेलंय का, एवढंच शोधते. इंटर्नशिप केलेल्या कितीतरी मुलांच्या रेझ्युमेत 'विविध प्रकल्पांमध्ये सहभाग' एवढंच असतं. सहभाग तर लग्नातल्या वऱ्हाडाचाही असतो.

अनुभवाची माझी व्याख्या सोपी आहे: तू चुकली असतीस तर दुसऱ्या कुणाचं तरी अडलं असतं, असं काम. पैसे मिळाले की नाही, लेटरहेड होतं की नाही, ही नंतरची गोष्ट. तीन वर्षांत असं काहीच केलं नाहीस यावर माझा विश्वास बसत नाही. जिन्यात तुला त्या 'काही नाही'ने पोचवलं, कोऱ्या रकान्याने नव्हे.

आता आठव आणि इथे लिही. घरातलं, कॉलेजातलं, काहीही चालेल. फक्त 'मदत केली' हे दोन शब्द वापरायचे नाहीत.

कोरा_कागद

ताई, तुम्ही बंदी घातली आणि माझं पहिलंच वाक्य 'विभागाच्या वेळापत्रकात मदत केली' असं होतं :)

झालं असं. आमच्याकडे संगणकाच्या ३ लॅब आणि ११ बॅच. प्रत्येक बॅचची आठवड्याला ४ प्रॅक्टिकल. वेळापत्रक सर कागदावर पेन्सिलने करायचे, आणि दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात एकाच लॅबच्या दारात दोन बॅच समोरासमोर. पाचव्या सत्रात मी ते एक्सेलमध्ये बसवलं. प्रत्येक लॅबचे आठवड्याला १५ स्लॉट, म्हणजे एकूण ४५ जागा आणि प्रॅक्टिकल ४४. एकच जागा रिकामी! काउंटइफ्स (अटींत बसणाऱ्या नोंदी मोजणारं एक्सेलचं सूत्र) लावून लॅब आणि वेळ यांची जोडी दुसऱ्यांदा आली की तो चौकोन लाल व्हायचा. तीन रात्री गेल्या. पुढच्या सत्रातही विभागाने तीच फाइल वापरली.

दुसरं म्हणजे आजीच्या औषधांचा तक्ता. सात औषधं, तीन वेळा, त्यातलं एक दिवसाआड. पण ते घरचं झालं.

जुनीफाइल

४५ जागांत ४४ प्रॅक्टिकल बसवलीस आणि परक्या माणसासमोर 'काही नाही' म्हणालीस! धन्य आहे.

हे असं लिही:

'३ लॅब, ११ बॅच, आठवड्याची ४४ प्रॅक्टिकल यांचं वेळापत्रक एक्सेलमध्ये तयार केलं. एका लॅबमध्ये एका वेळी दोन बॅच आल्यास लगेच दिसेल अशी तपासणी लावली. विभागाने ते सलग दोन सत्रं वापरलं.'

आकडे तुझेच, मी फक्त वाक्यं सरळ केली. ही ओळ वाचून माझ्या डोक्यात आपोआप तीन प्रश्न येतात. कुठली बॅच बसत नव्हती? प्राध्यापकांच्या वेळा जुळत होत्या का, की फक्त खोल्याच बघितल्यास? आणि नंतर एखाद्या सरांनी वेळ बदलून मागितली तेव्हा काय केलंस? या तिन्हींची उत्तरं तयार ठेव. ती पाठ करायला लागणार नाहीत, कारण त्या तीन रात्री तू खरोखर जागली आहेस. 'बाकावरचा' यांची सगळी गोची तिथेच झाली होती.

'अनुभव' हे शीर्षक काढून 'केलेली कामं' कर, म्हणजे खाली मैदान दिसणार नाही.

आजीबद्दल. औषधांचा तक्ता रेझ्युमेत नको, तो तुझा आणि आजीचा. पण सुट्टीचं विचारलं तर मान खाली न घालता एका वाक्यात सांग: "आजीचं ऑपरेशन झालं होतं, दिवसा तिच्याजवळ मी होते." पुढे काही शिकलीस असेल तर तेही सांग, नसशील तर तिथेच थांब. स्पष्टीकरण लांबवलं की समोरच्याला उगाच वाटतं काहीतरी झाकतेय. आणि हे ऐकून तोंड वाकडं करणारा कुणी भेटला तर त्याच्या हाताखाली काम करायचं नाही, हे फुकटात कळलं असं समज.

आणखी एक. प्रोजेक्ट म्हणून काय लावलंयस? टायटॅनिक (जहाजावरचे प्रवासी) किंवा आयरिस (फुलांची मापं) हे सरावाचे ठरलेले डेटासंच असतील तर आजच काढ. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३६ साली शोधनिबंधात वापरलेली ती १५० फुलं मी इतक्या जणांच्या रेझ्युमेत पाहिलीत की त्यांची नावं ठेवायचीच बाकी आहेत. शिकायला उत्तम, दाखवायला निरुपयोगी. तो डेटा आधीच धुऊन-पुसून ठेवलेला आहे, आणि नोकरीतलं निम्मं आयुष्य धुण्या-पुसण्यातच जातं. कुठलाही उघड उपलब्ध असलेला, गचाळ डेटा घे. एक प्रश्न ठरव, एकच. साफ करताना काय सापडलं, कुठल्या नोंदी वगळल्या आणि का, ते एका पानावर साध्या भाषेत लिही. मला आलेख नंतर बघायचे असतात, ते पान आधी.

कोरा_कागद

टायटॅनिक आहे. काढते.

बाकावरचा

मधेच घुसतो. रेझ्युमे त्या दोन रकान्यांच्या रंगीत टेम्प्लेटमध्ये आहे का? डावीकडे फोटो आणि कौशल्यांच्या पुढे पाच-पाच ठिपके? असेल तर एक चाचणी कर. पीडीएफ उघड, सगळा मजकूर निवडून कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये चिकटव. माझ्यात 'शिक्षण'मधलं अर्धं वाक्य 'छंद'मध्ये जाऊन बसलं होतं. पुष्कळ ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्यालाही तशीच खिचडी दिसू शकते. एक रकाना, साधी शीर्षकं, बस्स. ठिपके तर काढच. एसक्यूएल 'पाचपैकी तीन ठिपके' म्हणजे किती येतं, हे कुणाला कळणार?

काकदृष्टी

वरचं सगळं बरोबर आहे, पण मूळ गणिताकडे कुणी पाहिलं नाही. ६३ अर्जांपैकी किती पोर्टलवरून आणि किती माणसांमार्फत?

कोरा_कागद

६३ पैकी ६३ पोर्टलवरून. ओळखीने नोकरी मागणं मला वशिलेबाजी वाटते.

काकदृष्टी

वाटलंच होतं. वशिला म्हणजे लायकी नसताना कुणीतरी आत ढकलणं. मी ज्याबद्दल बोलतोय ते म्हणजे जागा आहे हे वेळेवर कळणं, आणि आतल्या एका माणसाने तुझा कागद उघडून बघणं. पुढचं सगळं तुझ्याच जिवावर.

संख्याशास्त्रवाली आहेस तर आकडे देतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं, ज्याच्याकडून ही खबर मिळाली तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा? १९७३ साली त्याने ते मांडलं. वारंवार भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचितच भेटणारे २७.८. म्हणजे जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखीच जास्त उपयोगी पडल्या. कारण उघड आहे. तुझ्या जवळच्या मैत्रिणींना तेच माहीत असतं जे तुला माहीत असतं, त्याही त्याच पोर्टलवर बसल्यात. नमुना लहान होता आणि सगळे पुरुष होते, ही शंका तुला येईलच. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांवरच्या प्रयोगांचा अभ्यास 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात आला. त्यातही अगदी घट्ट ओळखींपेक्षा बेताच्या विरळ ओळखीच जास्त कामाच्या ठरल्या. अगदीच अनोळखी मात्र नव्हे.

तेव्हा तुझ्याहून एक-दोन वर्षं पुढच्या, जेमतेम तोंडओळख असलेल्या पाच जणांना लिही. 'काही व्हेकन्सी आहे का' असं विचारू नकोस. त्याचं उत्तर 'नाही' असतं आणि विषय संपतो. त्यांच्या कामाबद्दल विचार. दिवसभरात नेमकं काय करावं लागतं, सुरुवातीला कशात अडायला झालं, पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का. आपल्या कामाबद्दल बोलायला माणसं एका पायावर तयार असतात. मीच बघ ना.

जुनीफाइल

काकांशी सहमत. फक्त एक भर. त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा निरोप पाठव की तुम्ही सांगितलेली अमुक गोष्ट करून पाहिली, असं असं झालं. बहुतेक जण 'थँक यू' म्हणून गायब होतात. परत येऊन 'करून पाहिलं' म्हणणारी मुलं माझ्या नीट लक्षात राहतात.

कोरा_कागद

तीन आठवड्यांनी परत आले, उशिराबद्दल माफी.

पाच जणांना लिहिलं. दोघांनी उत्तर दिलं नाही, एकीने 'नंतर बोलू' म्हटलं ते नंतर अजून आलेलं नाही. दोघांशी बोलणं झालं. त्यातला एक सीनियर तर मला वेळापत्रकामुळेच ओळखत होता, म्हणे 'लाल चौकोनवाली तूच का?' त्याच्या ऑफिसात जागा नाही, पण तिथून निघून दुसरीकडे गेलेल्या बाईंना त्याने माझा रेझ्युमे पाठवला. (एका रकान्याचा. नोटपॅडची चाचणी पास.)

त्यांनी मुलाखतीआधी एक फाइल दिलीय, ऑर्डरच्या ४,००० नोंदी, साफ करून त्याबद्दल एक पान लिहायचं. दोन दिवसांची मुदत. काल रात्रभर तीच बघतेय. काही ग्राहक दोन-दोन नावांनी आलेत, ते जुळवले. पण तारखांपाशी अडलेय. बऱ्याच तारखा रकान्याच्या डाव्या कडेला चिकटल्यात, म्हणजे एक्सेल त्यांना तारीख मानतच नाही. त्यात चक्क २९ फेब्रुवारी २०२३ आहे, सहा वेळा! आणि ०३/०४ सारख्या नोंदींत दिवस आधी की महिना, ते कळत नाही. त्या सहा ओळी उडवू का? की २८ करू?

काकदृष्टी

एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० मात्र बिनतक्रार घेतं, जे वर्ष लीप नव्हतंच. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट सॉफ्टवेअरशी जुळवून घेताना मुद्दाम ठेवलेली चूक आहे ती. तुझ्या प्रश्नाशी संबंध नाही, पण राहवलं नाही.

जुनीफाइल

उडवू नकोस आणि २८ तर मुळीच करू नकोस. २८ होती की १ मार्च, हे तुला इथे बसून कसं कळणार? मूळ रकाना आहे तसा ठेव, शेजारी नवा रकाना करून त्यात साफ केलेली तारीख, आणि या सहांपुढे 'अवैध' असा शेरा. त्या सहाही ओळी एकाच माणसाने किंवा एकाच शाखेने भरल्यात का ते बघ. ०३/०४ साठी त्याच फाइलमध्ये १२ पेक्षा मोठे आकडे पहिल्या जागी येतात की दुसऱ्या, ते मोज.

आणि मग त्या बाईंना मेल करून सरळ विचार. मुदतीच्या आत, आजच.

कोरा_कागद

सहाही एकाच शाखेच्या निघाल्या. मेल लिहायला घेते.