आकाशवाणीवरील लेखकांच्या जुन्या मुलाखती : जपाव्यात कशा आणि पुरावा म्हणून वापराव्यात कशा?

फोंड्याची वाचक

नमस्कार. गोमंतकातील मराठी कथेवर मी संशोधन करीत आहे. माझ्या दिवंगत मामांच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, मला अकरा कॅसेटी सापडल्या. ऐंशीच्या दशकात पणजी केंद्रावरून एखाद्या लेखकाची मुलाखत लागली की मामा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ती टिपून घेत असत. त्यामुळे लेखकाच्या आवाजामागे घरातले आवाजही उतरले आहेत : कौलांवरचा पाऊस, मामीने मारलेली हाक आणि एका ठिकाणी संध्याकाळच्या पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा. प्रत्येक कॅसेटीवर लेखकाचे नाव मामांच्या हस्ताक्षरात आहे, तारीख मात्र एकाही कॅसेटीवर नाही.

माझी खरी अडचण अशी आहे की, ज्या कथाकारावर मी एक पूर्ण प्रकरण लिहीत आहे, ते यांतल्या एका मुलाखतीत आपल्या एका गाजलेल्या कथेविषयी "एका रात्रीत झालं ते" असे स्वच्छ शब्दांत सांगतात; परंतु १९८४ साली छापलेल्या त्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत हीच कथा आपल्याला तीन वर्षे छळत होती, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. छापील शब्द प्रमाण मानावा की बोललेला? आणि या कॅसेटी आणखी एका पावसाळ्यात खराब होण्याआधी मी नेमके काय करावे?

निवृत्त ध्वनिमुद्रक, मडगाव

आधी कॅसेटींचे पाहू, कारण त्या गेल्या तर पुढच्या चर्चेला अर्थ उरणार नाही. प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या कडेकडे पाहा. पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नका. ती वाजवलीत तर यंत्राच्या हेडवरून (फितीला टेकून आवाज उचलणाऱ्या भागावरून) बुरशी उरलेल्या दहा कॅसेटींना लागेल. तिची सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी. ज्या स्वच्छ असतील त्यांच्या मागच्या कडेवरील दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी जुने पुसून त्यावर नवे मुद्रित होणार नाही.

वाजवण्याआधी फीत एकदा शेवटापर्यंत आणि परत सुरुवातीपर्यंत गुंडाळून घ्यावी. वर्षानुवर्षे एकाच अवस्थेत पडून राहिल्याने वेटोळी एकमेकांना चिकटतात, ती या गुंडाळण्याने सैल होतात. सी-१२० जातीची, म्हणजे दोन तासांची, कॅसेट असेल तर विशेष सांभाळा, कारण तिची फीत फार पातळ असते आणि पटकन ताणली जाते. त्यानंतरची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मामांच्या यंत्राच्या हेडचा कोन आणि तुमच्या यंत्राच्या हेडचा कोन एकच असेल असे नाही. हेडजवळ एक लहान स्क्रू असतो; बोलणे चालू असताना तो अगदी हलक्या हाताने, पाव वळसासुद्धा नाही इतकाच, फिरवून पाहा. 'स' आणि 'श' ज्या जागी धारदार ऐकू येतील, ती जागा बरोबर. निम्म्या वेळा ज्याला आपण 'आवाज दबला आहे' असे म्हणतो, तो दोष या स्क्रूचा असतो.

संगणकावर घेताना वेव्ह फाइल करा, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ. स्टिरिओत एका तासाला दोन गीगाबाइटपेक्षा थोडी अधिक जागा लागेल, तेवढी द्यावी. एमपी३ची प्रत ऐकण्यापुरती ठेवा, जपण्यासाठी ती उपयोगाची नाही. आणि एक कळकळीची विनंती : पाऊस, हाक, भोंगा यांतले काहीही मूळ प्रतीतून काढू नका, तसेच मुलाखत संपल्यावरची फीतही कापू नका. तारखेचा माग बहुधा तिथेच लागतो.

मराठीची प्राध्यापिका, पेडणे

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असे असू शकते, पण त्याआधी मला एक विचारायचे आहे. आपण केवळ उत्तरे उतरवून घेतली आहेत की प्रश्नही? "एका रात्रीत झालं ते" या वाक्यातले 'ते' म्हणजे काय, हे मुलाखतकाराच्या प्रश्नावाचून ठरवता येणार नाही. कथा हा शब्द स्त्रीलिंगी आहे. लेखक पूर्ण कथेविषयी बोलत असते तर सहजपणे "झाली ती" असे म्हणाले असते.

माझे विद्यार्थी मुलाखतींमधून अवतरणे घेतात तेव्हा बहुतेक वेळा हीच चूक होते, आणि खरे सांगायचे तर अनेक छापील मुलाखतींतही प्रश्न संक्षेपाने देऊन उत्तरे तेवढी सविस्तर ठेवलेली असतात. मराठीत तर प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे अधिकच अन्यायाचे आहे, कारण आपल्या आकाशवाणीत स्वतः साहित्यिक असलेली माणसे नोकरीला होती. बाकीबाब बोरकर १९५५ ते १९७० या काळात आकाशवाणीच्या पुणे आणि पणजी केंद्रांवर होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर होते. अशा माणसांच्या सहवासात घडलेल्या केंद्रावरचा प्रश्न हा वाचलेल्या माणसाचा प्रश्न असतो, तो उत्तराला दिशा देतो, प्रसंगी अडवतोही. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी या रेडिओ केंद्रावर १९५२ ते १९९७ अशी ४५ वर्षे मुलाखती घेणारे स्टड्स टर्केल लेखकाचे पुस्तक खुणा करकरून वाचून येत असत. त्यांचे ५,६०० हून अधिक कार्यक्रम जपले गेले आहेत, आणि त्यांतले कोणतेही संभाषण ऐकताना लक्षात येते की, लेखक जे बोलला ते याच माणसासमोर बोलला.

प्रस्तावना लेखक एकटा बसून लिहितो, पुन्हा वाचतो, खोडतो. मुलाखतीत त्याला समोरच्याकडे पाहून तिथल्या तिथे बोलावे लागते. म्हणून मी यांपैकी एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवणार नाही. कोणते विधान कधी, कोणापुढे आणि कोणत्या प्रश्नावर केले गेले, ते शेजारी शेजारी मांडा. उतारा करताना मिनिट-सेकंद लिहा, थांबणे लिहा, हसणे लिहा, आणि बोली सुधारू नका. लेखक मध्येच कोकणीत गेला असेल तर ते वाक्य कोकणीतच राहू द्या.

ग्रंथालय कर्मचारी, पणजी

बाईंच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर डॉन स्वेम यांचा पुस्तकांवरचा कार्यक्रम काही मिनिटांचाच असे, पण त्यासाठी लेखकांशी झालेले संभाषण पुष्कळ लांब असे, आणि पुढे ओहायो विद्यापीठाने ही न कापलेली संभाषणे लोकांना ऐकण्यासाठी खुली केली. तेव्हा आपल्याकडे आहे ते प्रसारित रूप आहे, संपूर्ण संभाषण नव्हे, याची नोंद प्रबंधात अवश्य करावी.

हक्कांविषयी : संशोधनासाठी श्रेय देऊन अवतरण घेण्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ची मुभा आहे. संपूर्ण मुलाखत इंटरनेटवर चढवायची असेल तर आकाशवाणीची आणि लेखकाच्या वारसांची परवानगी घ्यावी लागेल. प्रत्येक फाइलसोबत कोणी, कोणत्या यंत्रावर, कुठून मुद्रित केले, हे साध्या मजकुरात लिहून ठेवा. मामांचे नावही त्यात असू द्या.

फोंड्याची वाचक

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तीन कॅसेटींना बुरशी निघाली, त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. सुदैवाने कथाकारांची कॅसेट स्वच्छ होती. सरांनी सांगितल्याप्रमाणे स्क्रू फिरवला तेव्हा आवाज अक्षरशः पडद्याआडून बाहेर आला.

मुलाखत संपल्यावर मामा उठून आत गेले असावेत, कारण फीत पुढे दीड मिनिट चालूच आहे आणि तिच्यात बातम्यांची सुरुवात आली आहे. निवेदिका 'गोवा राज्य' असे म्हणते. म्हणजे ही मुलाखत गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यानंतरची, ३० मे १९८७ नंतरची, प्रस्तावनेनंतर दोन वर्षांहून अधिक काळाने झालेली आहे. मी आजवर ती आधीची धरून चालले होते.

आणि बाई, मी खरोखरच फक्त उत्तरे उतरवली होती. प्रश्न आता वीसेक वेळा ऐकला. मुलाखतकार म्हणतात, "या कथेचा पहिला", आणि नेमका त्याच क्षणी पदेराचा भोंगा वाजतो. पुढे "कधी लिहिलात?" एवढेच ऐकू येते. तो शब्द 'खर्डा' असावा असे मला फार वाटते, 'परिच्छेद'ही असू शकेल. उताऱ्यात मी त्या जागी कंसात 'भोंग्यामुळे अस्पष्ट, १४ मिनिटे ०८ सेकंद' असे लिहिले आहे.