'अपॉलॉजिस्ट'ला मराठीत काय म्हणाल? (संदर्भ : मॉर्मन पंथ)

आडरान :
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी लेख मराठीत आणतोय. विषय अमेरिकेतला मॉर्मन पंथ. जोसेफ स्मिथनं 1830 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी 'बुक ऑफ मॉर्मन' छापून घेतलं. सोन्याच्या पत्र्यांवरचा प्राचीन मजकूर दैवी सामर्थ्यानं आपण इंग्रजीत आणला, हा त्याचा दावा. 1834 सालीच त्याच्यावर तुटून पडणारं पुस्तक निघालं, आणि तेव्हापासून आक्षेप-उत्तरांचा रतीब आजतागायत चालू आहे. लेख उत्तरं देणाऱ्यांवर आहे, म्हणजे 'अपॉलॉजिस्ट' लोकांवर.

अडलेलं वाक्य असं : 'ह्यू निब्ली हे विसाव्या शतकातले सर्वांत नावाजलेले मॉर्मन ____ होते.' मी 'समर्थक' लिहिलं. संपादकबाईंनी ते खोडलं. त्यांचं म्हणणं, समर्थक तर रविवारी चर्चमध्ये जाणारा प्रत्येक जण. हे गृहस्थ अरबी आणि प्राचीन इजिप्ती शिकून टीकाकारांच्या अंगावर जाणारे. पटलं. यंत्राला विचारलं तर ते 'माफी मागणारे' म्हणालं! 1946 साली फॉन ब्रोडीच्या स्मिथ-चरित्राला निब्लींनी जे उत्तर लिहिलं त्यात माफीचा लवलेश नाही, खिल्लीच जास्त. शब्द असा हवा की पदवी वाटू नये आणि शिवीही वाटू नये.

शब्दखोर :
यंत्राची चूक समजण्यासारखी आहे. ग्रीकमध्ये 'अपोलोगिया' म्हणजे आरोपीनं न्यायालयात केलेलं बचावाचं भाषण. सॉक्रेटिसनं केलं ते तेच, आणि त्यानंही कुणाची माफी मागितली नव्हती. दिलगिरीचा अर्थ इंग्रजीत नंतर चिकटला. 'बचावकार' चालेल का?

टिचकी :
बचावकार म्हटलं की डोळ्यांपुढे गोलपोस्टसमोरचा उभा राहतो.

बोरूबहाद्दर :
घरात असताना शेजारी का मागायला जाता? खंडन आणि मंडन. एक जण मत खोडतो, दुसरा ते मांडून, सजवून, भक्कम करून दाखवतो. मंडन करणारा तो मंडनकार, शास्त्राचं नाव मंडनशास्त्र. विषय संपला. आपल्याकडे पूर्वपक्षाला आधी नीट बोलू देऊन मग उत्तरपक्ष मांडायची शिस्त होती, त्यामुळे शब्दांची वाण कधीच नव्हती. वाण पडली आहे ती संस्कृत वाचणाऱ्यांची.

टिचकी :
झालं, आले.

चिंचपेटी :
बोरूअण्णा, तुमचं 'मंडनकार' ऐकून मंडप डेकोरेटर आठवला, रागावू नका. :) मला 'पाठराखण' सुचतंय. पंथाची पाठराखण करणारे. आमच्या आजीच्या तोंडी 'पाठराखीण' होतं, नव्या नवरीबरोबर सासरी जायची ती. नवरीला कुणी टोचून बोललं की हिनं उत्तर द्यायचं, कारण नवरीनं बोलायचं नसतं! आजी स्वतः चुलतबहिणीची पाठराखीण म्हणून गेली होती आणि पहिल्याच पंगतीत विहीणबाईंशी भांडून परत आली. अपॉलॉजिस्टाचं काम याहून वेगळं काय असतं?

मोडीवाचक :
पाठराखणीत माया आहे, युक्तिवाद नाही. कैवार, तरफदारी, भलामण, वकिली, सारवासारव, मखलाशी : यादी लांबलचक आहे, पण बहुतेक शब्द कुठल्या तरी बाजूला कललेले. 'मखलाशी'ची गंमत बघा. जुन्या दप्तरात मखलाशी म्हणजे कागदावरचा शेरा, त्यात वावगं काही नाही. आता 'मखलाशी केली' म्हटलं की लबाडी केली असाच अर्थ. बाजू घेऊन बोलणाऱ्याबद्दल मराठी माणसाला मुळातच संशय आहे.

शब्दखोर :
कैवार कानडीतून आला असणार. 'कै' म्हणजे हात. हात देणारा तो कैवारी.

मोडीवाचक :
'कै' म्हणजे हात इथपर्यंत ठीक. पुढच्या 'वार'चं काय करणार? आठवड्याचा वार की तलवारीचा? प्रत्येक शब्दाला कर्नाटकात नेऊन सोडायची ही खोड जुनी आहे तुमची.

सोनकी :
आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. एक सांगू का, मराठीत हा व्यवहार नवा नाही, त्यामुळे शब्द शून्यातून काढायची गरज नसावी. 1831 साली मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूनं मिशनरी जॉन विल्सनला पुस्तकानं उत्तर दिलं, मग विल्सननं उलट उत्तर छापलं. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबाबा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले, ऐकायला ही गर्दी. त्या काळचं मराठी चाळलं तर 'मतखंडन', 'आक्षेपनिरसन' असली वळणं सापडतील. विष्णुबाबा काय किंवा विल्सन काय, दोघेही या लेखातल्या निब्लींचेच भाऊबंद.

आणि आणखी एक. आडरान, लेखात 'लॅटर-डे सेंट्स' (मॉर्मन लोक स्वतःला म्हणवतात ते) आलं असेल, त्याचं 'संत' करू नका. बायबलच्या मराठीत तिथे 'पवित्र जन' आहे. 'संत' म्हटलं की वाचकाला तुकोबा दिसतात. प्रॉफेटला 'संदेष्टा', अपॉसलला 'प्रेषित'. हे शब्द रुळलेले आहेत, उगाच नवे पाडू नका.

आडरान :
सोनकीताई, संत-पवित्र जनचा मुद्दा मोलाचा. बदलतो. 'आक्षेपनिरसन' छान आहे, पण करणाऱ्या माणसाला काय म्हणू? आक्षेपनिरसक? उंदीरनाशकाच्या ओळीत बसतंय ते.

खारंपाणी :
मी सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो, कचेरीत निम्मे सहकारी या पंथाचे, काही पंथ सोडलेले. जमिनीवरची परिस्थिती सांगतो. 'अपॉलॉजिस्ट' हा शब्द इथे कोण उच्चारतं त्यावर त्याचा अर्थ ठरतो. पंथ सोडलेला उच्चारतो तेव्हा तो तुमची 'मखलाशी' असतो. आतला उच्चारतो तेव्हा 'कैवारी'.

इतकं की त्या लोकांनीच शब्द टाकला. टीकाकारांना उत्तरं देण्यासाठी 1997 साली 'फेअर' नावाची संस्था निघाली. तिच्या नावातल्या आद्याक्षरांत 'अपॉलॉजेटिक' होतं. 2021 साली आद्याक्षरं तीच ठेवून त्यांचा विस्तार बदलला. आता त्यात श्रद्धा आहे, उत्तरं आहेत, जाणकारी आहे, 'अपॉलॉजेटिक' गेलं. त्याआधी 2012 साली पंथाच्याच ब्रिगम यंग विद्यापीठातल्या मॅक्सवेल इन्स्टिट्यूटनं आपल्या परीक्षण-नियतकालिकाचे संपादक डॅनियल पीटरसन यांना दूर केलं, कारण संस्थेला अशी उत्तरं देण्यापेक्षा शुद्ध अभ्यासाकडे वळायचं होतं. पीटरसननी त्याच वर्षी स्वतःचं वेगळं नियतकालिक काढलं. म्हणजे घरातल्या घरातही या व्यवसायाची पत काय, यावर एकमत नाही.

शब्दांवर काथ्याकूट करणाऱ्या तुम्हा लोकांसाठी एक अस्सल गोष्ट. 1980च्या दशकात मार्क हॉफमन नावाच्या माणसानं 1830 सालचं म्हणून एक पत्र बाजारात आणलं. त्यात लिहिलं होतं की स्मिथ सोन्याचे पत्रे काढायला गेला तेव्हा खड्ड्यात देवदूताऐवजी पांढरा सॅलमँडर भेटला आणि त्याचं भूत झालं. मोठा गहजब झाला. ऑगस्ट 1985मध्ये पंथाचे एक प्रेषित, म्हणजे वरिष्ठ नेते, डॅलिन ओक्स यांनी पंथाच्या शिक्षकांपुढे भाषण केलं आणि चक्क शब्दार्थाचा आधार घेतला. सॅलमँडर या शब्दाला त्या काळी दुसराही अर्थ होता, आगीत जगू शकणारा काल्पनिक जीव, मग तेजोमय देवदूताशी ते जुळत नाही का? अर्थ कोशात खरंच आहे. भाषेच्या दृष्टीनं युक्तिवादात खोट नाही. दोनच महिन्यांनी हॉफमनच्या बाँबनी दोन माणसं मारली आणि पुढे उघड झालं की पत्र त्यानंच बनवलेलं. अर्थ बरोबर, शब्द बरोबर, कागदच खोटा!

टिचकी :
_/\_ आजचा सर्वोत्तम प्रतिसाद. सॅलमँडरला मराठीत काय? पाल?

रानवेडा :
पाल नाही हो. पाल सरपटणारी, हा उभयचर. आपल्या सह्याद्रीत नाही, देशात दार्जिलिंगकडे सापडतो. त्यामुळे मराठी नाव असण्याचं कारणच नाही.

बोरूबहाद्दर :
खारंपाणी, किस्सा रंजक आहे पण त्यातून मंडनशास्त्राचं काही बिघडत नाही. ओक्स यांनी केलं ते शब्दार्थाचं मंडनच. पुरावा खोटा निघाला तर मंडनकाराचा काय दोष? त्यानं तो बनवला नव्हता.

खारंपाणी :
दोष असा, की पत्र खरं आहे का हे ठरायच्या आत ते पचवायची तयारी सुरू झाली. हीच टीकाकारांची तक्रार आहे. काहीही समोर आणा, याचं उत्तर तयार. 1967 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं पंथाला पपायरसचे तुकडे परत केले. स्मिथनं 1835 साली घेतलेल्या गुंडाळ्यांपैकी ते, ज्यांवरून त्यानं 'बुक ऑफ अब्राहम' हा पंथाचा आणखी एक धर्मग्रंथ सांगितला. इजिप्तच्या अभ्यासकांनी वाचलं तर निघाला मृतासोबत ठेवायचा मजकूर, अब्राहमचं नावही नाही. हे 2014 साली पंथानं स्वतःच्या निबंधात मान्य केलं. मग उत्तर काय? एक, मूळ गुंडाळी हरवलेल्या भागात असेल. दोन, पपायरस फक्त निमित्त होतं, मजकूर साक्षात्कारानं आला, 'भाषांतर' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा.

सोनकी :
दुसऱ्या उत्तराला हसू नये. श्रद्धावानाच्या बाजूनं ते प्रामाणिक आहे. तुकडे लपवले नाहीत, छापले. निबंधात 'नाव नाही' हे स्वतः लिहिलं. पंथ चालवणाऱ्यांनी इतकं उघड लिहिलं तर त्याला सारवासारव म्हणणं मला जड जातं. आणि 'भाषांतर'चा अर्थ व्यापक घेणं आपल्याला तरी कुठे नवं? ज्ञानदेवांनी सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या केल्या, त्याला कोण भाषांतर म्हणेल, पण 'गीता मराठीत आणली' असंच म्हणतो ना आपण?

शब्दखोर :
ताई, ज्ञानदेवांनी मूळ ग्रंथ गीता आहे हे लपवलेलं नाही आणि गीता बाजूला ठेवून पडताळता येते. तो फरक मोठा आहे. शिवाय ज्ञानेश्वरीला आपण 'टीका' म्हणतो! आता बोला. या लेखात 'टीकाकार' म्हणजे पंथावर तुटून पडणारे, आणि मराठीच्या जुन्या अर्थानं टीकाकार म्हणजे ग्रंथ उलगडून सांगणारा, म्हणजे जवळजवळ निब्ली. आडरान, दोन्ही बाजूंना एकच शब्द लावा, छपाईचा खर्च वाचेल.

आडरान :
आभारी आहे, अडचण एक होती त्या दोन झाल्या.

रानवेडा :
मला 'बुक ऑफ मॉर्मन'मधल्या प्राण्यांबद्दल विचारायचं होतं. कोलंबसाच्या कितीतरी आधीच्या अमेरिकेत घोडे आहेत म्हणे त्यात? घोडा तिथून काही दहा हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला, परत आणला तो स्पॅनिश लोकांनी.

खारंपाणी :
आहेत. घोडे, गाढवं, हत्तीसुद्धा. त्यावर जॉन सोरेन्सन वगैरे मॉर्मन अभ्यासकांचं उत्तर असं की 'घोडा' म्हणजे कदाचित हरीण किंवा टॅपिर (आखूड सोंडेचं, डुकरासारखं दिसणारं जनावर). माणसं परक्या मुलखात गेली की अनोळखी जनावराला ओळखीचं नाव देतात. दाखला पक्का आहे : मेक्सिकोतल्या लोकांनी स्पॅनिशांचे घोडे पाहिले तेव्हा त्यांना 'हरणं' म्हटलं. टॅपिरची कल्पना ऐकून पंथ सोडलेला माझा सहकारी मात्र दर वेळी हसून लोळतो.

रानवेडा :
हसू नका, आपण तेच करतो. हिप्पोपोटॅमसला पाणघोडा, त्यात घोड्याचं काय आहे? देवगांडूळ गांडूळ नाही, उभयचर आहे. नीलगाय गाय नाही, कुरंग आहे. आमच्या इकडे त्याले रोहीच म्हंतेत, नीलगाय हे पुस्तकातलं. भुईमूग मूग नाही आणि अमेरिकेतून आला. टॅपिरवाल्यांचा मुद्दा मला भाषेच्या अंगानं पटतो.

मोडीवाचक :
मला पटत नाही, आणि कारण त्याच ग्रंथात आहे. हत्तींच्या त्याच ओळीत 'क्युरेलम' आणि 'क्युमम' अशी दोन जनावरं येतात. ती काय होती कुणालाच माहीत नाही, नावं तशीच ठेवली आहेत. धान्यांतही 'नियस' आणि 'शियम' तसेच ठेवलेत. म्हणजे अनोळखी वस्तूचं मूळ नाव ठेवायची सोय भाषांतरात होती. मग टॅपिरला ती का मिळाली नाही?

सोनकी :
'शियम'वर त्यांचं उत्तर आहे की अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेत धान्याला जवळपास तसाच शब्द होता.

मोडीवाचक :
हो, आणि आमचे शब्दखोर त्याला कानडीत नेतील.

शब्दखोर :
:) यातला खरा तिढा असा. टोपीत ठेवलेल्या खड्याकडे पाहून स्मिथ मजकूर सांगायचा, असं त्याच्या जवळच्यांनी सांगितलंय. खड्याचं छायाचित्र पंथानं 2015 साली स्वतः छापलं. इंग्रजी शब्द जर खड्यात उमटत होते, तर 'घोडा' हा शब्द निवडला कुणी? आणि उमटत नव्हते, नुसता आशय मिळत होता, तर 'घोडा' स्मिथचा, आणि मग चूकही त्याच्या खाती टाकता येते. दुसरा पर्याय उत्तरं देणाऱ्याला सोयीचा आहे, पण त्यात ग्रंथाचा शब्दनशब्द दैवी राहत नाही.

बोरूबहाद्दर :
हा झाला खरा पूर्वपक्ष. असा मांडता आला तरच मंडनकार शोभतो.

आडरान :
मंडळी, मजकूर परवा छपाईला जातोय. मतं मोजली : मंडनकार एक, पाठराखे एक, बचावकार एक (तोही गोलपोस्टसमोर). 'प्रतिवादक' कसा वाटतो? प्रतिवादी नको, तो खटल्यातला.

चिंचपेटी :
'प्रतिवादक' वाचताना सनई-चौघडा वाजवणारा वाटतो. अवांतर : रानवेडा, भुईमूग अमेरिकेतला हे कळलं, पण सीताफळ? ते तर आपलंच ना? सीतेच्या नावाचं आहे.

रानवेडा :
सीताफळही अमेरिकेतलंच. रामफळही.

बोरूबहाद्दर :
साफ चूक. अजिंठ्यात कोरलेलं आहे.

रानवेडा :
कुठल्या लेण्यात? फोटो टाका. आणि ते सीताफळच कशावरून, फणस कशावरून नाही?

चिंचपेटी :
किंवा टॅपिर.