तालमीत जॅक जॉन्सनचा फोटो लावावा का?

डावा_जॅब: सातपूरला आमच्या बॉक्सिंग क्लबला मोठी जागा मिळालीय. रंगकाम झालं. रिंगसमोरच्या भिंतीवर एकच मोठा फोटो लावायचा ठरलंय. मी जॅक जॉन्सनचं, म्हणजे पहिल्या काळ्या हेवीवेट जगज्जेत्याचं नाव काढलं आणि कमिटीत जुंपली. तुम्हीही बोला.

हा १८७८ साली टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला जन्मला. आईवडील दोघेही एकेकाळी गुलाम. त्या काळात हेवीवेटच्या किताबासाठी काळ्या माणसाला रिंगमध्ये घेतच नसत. जॉन्सनने तेव्हाच्या जगज्जेत्या टॉमी बर्न्सचा पिच्छा पुरवत पार सिडनी गाठलं. २६ डिसेंबर १९०८ ला चौदाव्या राऊंडमध्ये पोलिसांना लढत थांबवावी लागली, इतका चोप दिला. मग गोऱ्यांची लाज राखायला निवृत्त होऊन शेती करणाऱ्या माजी जगज्जेत्या जेफ्रीजला परत आणलं. ४ जुलै १९१०, रेनो. पंधराव्या राऊंडमध्ये जेफ्रीज कोसळला. त्यानंतर अमेरिकेत गावोगावी काळ्यांवर हल्ले झाले, माणसं मेली.

माझे पणजोबा २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रहाला बसले होते. दार बंद ठेवणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. म्हणून मला हा माणूस जवळचा वाटतो.

गोदाकाठ: दादा, भावना समजली. पण पोरांना हवा सिंग कोण ते ठाऊक आहे का? १९६६ आणि १९७०, बँकॉकला दोन्ही वेळा एशियाडचं हेवीवेट सुवर्ण. फौजेतला माणूस. भिवानीत बॉक्सिंग रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. आपल्याकडे देवळालीच्या फौजी वातावरणात वाढलेली कितीतरी मुलं क्लबात येतात, त्यांना तो पटकन आपला वाटेल. सातासमुद्रापार कशाला जायचं?

डावा_जॅब: हवा सिंगचा फोटो दाराशी लावतोच, त्यावर वाद नाही. पण खेळ शिकवताना मला जॉन्सनच लागतो. रेनोच्या लढतीचं चित्रीकरण आहे, ते मी मुलांना थांबवून थांबवून दाखवतो. समोरच्याचा ठोसा खांद्यातून निघतो न निघतो तोच याचा तळहात त्याच्या दंडावर. हात तिथेच अडकला. मग वाकवून खालून अपरकट. आमची पोरं दोन्ही हात तोंडाला चिकटवून उभी राहतात आणि मार खातात. बचाव हाच हल्ल्याचा पाया असतो, हे मी शंभरदा सांगून जे कळत नाही ते त्या दोन मिनिटांत कळतं.

रिंगणातली: मी मुलींना शिकवते, म्हणून स्पष्ट बोलते. या माणसाने बायकोला, एटाला, मारून दवाखान्यात पाठवलं होतं. सप्टेंबर १९१२ मध्ये तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तीन महिन्यांच्या आत याचं दुसरं लग्न. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या दोघी घरचा मार बघून मुठी आवळायला शिकल्यात. त्यांनी हँडरॅप बांधताना रोज याचा चेहरा बघायचा?

पाना_पकड: ताई, ते खरंच आहे, झाकू नये. पण सरकारने त्याला त्यासाठी नाही पकडलं. गोऱ्या बाईबरोबर राहिला म्हणून बायकांच्या व्यापाराविरुद्धचा कायदा त्याच्यावर लावला. १९१३ ला सगळ्या गोऱ्या ज्युरीने दोषी ठरवलं, सात वर्षं परदेशात काढून शेवटी तुरुंगात गेला. माफी मिळाली २०१८ ला, मेल्यावर ७२ वर्षांनी! मी अंबडला टूलरूममध्ये आहे, मला त्याची आणखी एक गोष्ट फार आवडते. १९२२ मध्ये त्याने सुधारित पान्याचं पेटंट घेतलं होतं.

रिंगणातली: त्याच्यावर अन्याय झाला हे मला मान्यच आहे. त्याने एटावर केलेला अन्याय त्यामुळे पुसला जात नाही.

लँगफर्डवाला: काळारामाचा दाखला दिलात म्हणून लिहितो. सॅम लँगफर्ड, जो जीनेट, दोघेही काळे, दोघेही तोलामोलाचे. लँगफर्डला याने १९०६ मध्ये हरवलं होतं, पण जगज्जेता झाल्यावर दोघांपैकी एकालाही किताबाची लढत दिली नाही. गोऱ्या आव्हानवीरांबरोबर पैसा जास्त मिळायचा हे कबूल. पण स्वतः आत गेल्यावर दार आतून लावून घेणाऱ्याला सत्याग्रहींच्या शेजारी कसं बसवता? दादासाहेब गायकवाड एकट्यासाठी दारात उभे नव्हते.

डावा_जॅब: हे लागलं. खरंच लागलं. पणजोबांचं नाव मी घाईत जोडलं, ती तुलना मागे घेतो. फोटोचं मत मात्र कायम आहे. जून १९४६ ला नॉर्थ कॅरोलिनातल्या एका खानावळीत रंगावरून अपमान झाला, संतापून गाडी हाकली आणि खांबावर आदळून गेला. ६८ वर्षांचा माजी जगज्जेता! खाली पाटी लावीन, त्यात एटाचंही नाव असेल आणि लँगफर्डचंही.

रिंगणातली: पाटीचा मजकूर आधी मला दाखवा. आणि फोटो मुलींच्या बॅगेच्या बाजूला नको, एवढं लिहून द्या. रविवारी कमिटीत मी विरोधातच मत देणार आहे.