पुढं डावीकडं ‘खट्ट’ आवाज, शॉकअप बदलूनही जाईना

बावड्याचा गाडीवान

नमस्कार मंडळी. माझा सहाचाकी ट्रक आहे. पुढं सरळ एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा), त्यावर पाटे म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांची थप्पी, एअर ब्रेक. सीझनला ऊस ओढतो, एरवी वैभववाडीकडनं चिरा भरून कोल्हापुरात आणतो. वीस-बावीस दिवस झाले, पुढं डाव्या बाजूला आवाज येतोय. खडखड नव्हे, एकच जाड ‘खट्ट’. पायाखालच्या पत्र्यावर कुणी घण घातल्यासारखा.

फुलेवाडीच्या पुढं गगनबावडा रस्त्याला गतिरोधकावरनं हळू उतरलं की येतो. हळू चालताना ब्रेक दाबला की एकदा, आणि ब्रेक सोडून गाडी पुढं घेतली की परत एकदा. साठच्या स्पीडला गप्प. रिकाम्या गाडीला जास्त, चिरा भरला की कमी, पण जात नाही.

दोन्ही शॉकअप नवे टाकले, गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारचे रबर बुश बदलले. सात हजारांवर गेले, आवाज तिथंच. आता गॅरेजवाले म्हणतात किंग पिन, म्हणजे जिच्यावर पुढचं चाक वळतं ती पिन, गेलीय, एक्सल खोलूया, तीन दिवस गाडी उभी. पैशाचं बघता येईल, पण करूळ घाट मी रिकाम्या गाडीनं उतरतो आणि शेजारी माझा भाचा क्लीनर म्हणून बसलेला असतो. झोप लागत नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

उद्यमनगरचा फिटर

दादा, एक्सल लगेच खोलू नका, आणि हे तपासल्याशिवाय घाटातही गाडी घालू नका.

तुम्ही लिहिलंय त्यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे ब्रेकला एकदा आणि परत निघताना एकदा. शॉकअपचा बुश बारीक खड्ड्यांवर सारखा टकटक करतो. तुमच्याकडं काहीतरी ब्रेकला मागं सरकतंय आणि निघताना पुढं येतंय. ते किंग पिनमुळंही होऊ शकतं, पाट्याच्या पिनमुळंही, आणि पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट ढिले असले तरी. खोलायच्या आधी या तिन्हींचा निकाल लावता येतो.

सपाट जागेवर मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढचा एक्सल जॅकवर उचला आणि खाली लाकडी ठोकळे द्या, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाकाखाली पहार घालून वर-खाली हलवा, तेव्हा दुसऱ्यानं किंग पिनजवळ बघायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला तर भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाच्या मध्यातलं हब बेअरिंग, राहिला तर किंग पिन. मग चाक आडवं, डावी-उजवीकडं हलवा. तेव्हा टाय रॉड एंडवर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर, हात ठेवा, ढिला असला तर बोटाला ठोका लागतो.

इथं काही सापडलं नाही तर गाडी खाली घ्या आणि खडू घ्या. पाट्यांच्या थप्पीवरून खाली एक्सलच्या बैठकीवर, म्हणजे थप्पी टेकते त्या जागेवर, एक सरळ उभी रेघ ओढा. मोकळ्या जागेत पहिल्या गिअरला गाडी पुढं घेऊन चार-पाच वेळा कचकन ब्रेक मारा. रेघ तुटली, म्हणजे वरचा आणि खालचा तुकडा एका ओळीत राहिला नाही, तर एक्सल पाट्याखाली सरकतोय. यू बोल्टच्या बुडाशी तांबूस पावडर किंवा घासून चमकलेलं लोखंड दिसलं तर तेच.

आणि एक विचारतो. सीझनमध्ये पाट्याचं काम केलं होतं का?

कागल नाका

फिटरमामांचं बरोबर आहे. पाट्याच्या टोकाला झुलत्या कडीत बसते ती शॅकल पिनही बघा. माझ्या गाडीला असाच आवाज होता. ग्रीस मारत होतो, पण पिनवर गाडीचं वजन असताना दाबलेल्या बाजूला ग्रीस पोचतच नव्हतं. चेसिस उचलून एक्सल लोंबता ठेवायचा आणि बाजूनं नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. पण पिन झिजली असेल तर ग्रीसनं भागत नाही, पिन-बुश बदलावेच लागतात.

बावड्याचा गाडीवान

मामा, होय. जानेवारीत डावा मेन पाटा तुटला होता, कारखान्याच्या रांगेतनं बाहेर काढून नवा घातला. हे मी लिहायला विसरलो.

आज सकाळी सगळं केलं. किंग पिन घट्ट, टाय रॉडही ठीक. मग खडूची रेघ मारली. तिसऱ्याच ब्रेकला खालचा तुकडा करंगळीएवढा मागं! भाच्यानं वाकून मोबाईलचा उजेड पाडला तर यू बोल्टच्या बुडाशी हळदी-कुंकू सांडल्यासारखी तांबडी पूड. चाकं सरळ करून टेपनं मापलं. पाट्याच्या पुढच्या पिनपासून हबच्या मध्यापर्यंत डावीकडचं माप उजवीपेक्षा ८ मिलिमीटर जास्त. महिनाभर गाडी डावीकडं ओढतीय, त्याचंही कारण हेच. मी टायरच्या हवेला दोष देत होतो. पाटे सोडल्यावर, थप्पी मधोमध जुळवून धरणाऱ्या सेंटर बोल्टचे दोन तुकडे हातात आले.

उद्यमनगरचा फिटर

वेळेत सापडलं दादा, फार बरं वाटलं. नवा पाटा घातला की पहिल्या काही फेऱ्यांत थप्पी दबून बसते आणि यू बोल्ट सैल पडतात. तेव्हा परत आवळले नाहीत तर सगळा जोर सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. भरलेल्या गाडीचं वजन थप्पीला दाबून धरतं, म्हणून चिरा असताना आवाज कमी.

जुने यू बोल्ट परत वापरू नका, ताणलेले असतात. चारही नवे, नटही नवे. सेंटर बोल्टचं डोकं बसतं ते एक्सलच्या बैठकीचं भोक लांबट झालंय का बघा, झालं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर असताना, तिरपे-तिरपे, थोडं-थोडं, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं, म्हणजे तेवढ्याच जोरानं. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवून घेणं. उजवीकडचेही तपासा.

बावड्याचा गाडीवान

बैठकीचं भोक शाबूत आहे. दोन्हीकडचे यू बोल्ट नवे घातले, सेंटर बोल्ट नवा, अलाइनमेंट झाली. संध्याकाळी रिकामी गाडी फुलेवाडीच्या त्याच गतिरोधकांवरनं दोनदा नेली. काच खाली करून कान देऊन बसलो होतो, फक्त टायरचा आवाज. उद्या पहाटे चिऱ्याला निघतोय. पाना आणि टॉर्क रेंच गाडीतच टाकलाय, दोन खेपा झाल्या की परत आवळून इथं लिहितो.