मदत हवी आहे: जनगणनेचा डेटा एकच, पण गाव-तालुका-जिल्हा तिन्हीकडे उत्तर वेगळं

गोदाकाठ: मराठवाड्याचा 2011चा डेटा घेऊन कोरिलेशन (दोन गोष्टी एकत्र किती वाढतात-घटतात ते) काढतेय. 8 जिल्हे घेतले की एक आकडा, 76 तालुके घेतले की दुसरा, गावं घेतली की तिसराच. फॉर्म्युला तीनदा तपासला. सोमवारी सरांना दाखवायचंय, यातला खरा कुठला धरू? लवकर सांगा प्लीज.

आकडेमोड: कशाचं कशाशी ते तर सांगा! आणि लोकसंख्येचा भार दिलाय का, म्हणजे जिथे लोक जास्त त्याला वजन जास्त?

गोदाकाठ: स्त्री साक्षरता आणि 0-6 वयातलं मुलींचं प्रमाण (दर हजार मुलग्यांमागे मुली). भार नाही दिला, द्यायचा असतो का?

नकाशावेडा: तुमचं गणित चुकलेलं नाही, हे जुनं दुखणं आहे. ओपनशॉ आणि टेलर या भूगोलतज्ज्ञांनी 1979 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या 99 काउंट्या (तिथले जिल्हे) वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून बघितल्या, तर म्हातारी माणसं आणि रिपब्लिकन मतं यांचं कोरिलेशन पार उणेकडून अधिककडे नेता आलं. सरळ मल्टिलेव्हल मॉडेल लावा, म्हणजे गाव-तालुका-जिल्हा तिन्ही स्तर एकत्र धरले जातील.

आकडेमोड: सोमवारपर्यंत मल्टिलेव्हल? आधी गावं बघू द्या त्यांना. समजा गावात 0-6ची 40 मुलं आहेत, 18 मुली 22 मुलगे, प्रमाण आलं 818. एका मुलाच्या जागी मुलगी असती तर 905. एवढ्याशा फरकाने आकडा असा उडत असेल तर छोट्या गावांमधून काय कळणार? आणि जिल्ह्यांत एकटं बीड (807) सगळं ओढतंय, ते काढून परत चालवा.

माजी प्रगणक: मुळात 0-6चा आकडाच कच्चा, मी 2011ला जनगणनेसाठी घरोघर फिरलोय. पोराचं वय विचारलं की "पुढल्या साली शाळेत घालायचाय" एवढंच उत्तर, त्यावरून आपण काय ते लिहायचं. 2027च्या गणनेत तरी जन्मदाखला बघायला पाहिजे.

नकाशावेडा: बीड काढायचं कशाला? प्रश्न तर तिथेच आहे.

आकडेमोड: कायमचं नाही हो, फक्त बघायला. आणि गोदाकाठ, आकडा कुठलाही घ्या, पण त्यावरून "शिकलेल्या बाईच्या घरी असं होतं" हे लिहू नका. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने 1950 साली हेच दाखवलं, अमेरिकेतल्या राज्यांच्या सरासरीवर परदेशात जन्मलेले लोक जास्त साक्षर दिसत होते, माणसागणिक बघितलं तर उलटं.

गोदाकाठ: अरे देवा, माझ्या शेवटच्या प्रकरणात नेमकं तेच वाक्य आहे. ते काढते. बीड वगळल्यावर जिल्ह्यांचा आकडा खरंच बदलला. आता भार देऊन तालुके चालवते, रात्री टाकते इथे. भार एकूण लोकसंख्येचा द्यायचा की 0-6च्या मुलांचा?