बाबांचा मज्जारज्जू दबलाय म्हणतात, पण मान दुखतच नाही. ऑपरेशन करावं का, आणि पुढून की मागून?

काळजीतला_मुलगा

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणारे, आधीच माफी मागतो. बाबा ६३ वर्षांचे. साधारण वर्षभरापूर्वी त्यांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला, आम्ही म्हटलं वय झालं, होतं असं. मग दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, एका ठिकाणी दाखवलं तर कार्पल टनेल (मनगटात नस दबणं) सांगितलं, मनगटाला पट्टा दिला, त्यात चार महिने गेले. नंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली, चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि त्यांना कळायचंच नाही, दोन-तीन पावलं गेल्यावर मीच मागून हाक मारायचो, बाबा चप्पल. आता जिना उतरताना कठडा सोडत नाहीत.

शेवटी एका न्यूरोवाल्यांनी हातापायावर हातोडी मारून बघितली आणि थेट मानेचा एमआरआय काढायला सांगितला. मानेच्या सी५-६ आणि सी६-७ या मणक्यांपाशी मज्जारज्जू दबलाय, आत एमआरआयच्या टी२ चित्रात पांढरा डाग आहे. १८ पैकी १२ मार्क दिलेत त्यांच्या त्या स्केलवर. एक सर्जन म्हणतात मानेच्या पुढून करू, दुसरे म्हणतात मागून. आणि काका म्हणतात मानेच्या ऑपरेशनच्या नादाला लागूच नका. बाबांचं म्हणणं एकच, मान दुखत नाही तर मानेचं ऑपरेशन कशाला.

मी रात्र रात्र पेपर वाचत बसलोय. एका पेपरात साठ-सत्तर पेशंट घेतलेत, काहींचं ऑपरेशन, काहींचं नाही, आणि दहा वर्षांनी दोन्ही गटांत फरक नाही म्हणे. दुसरीकडे लिहिलंय की थांबू नका. कशावर विश्वास ठेवायचा?

गादी_सरकलेली

दादा, घाबरू नका. मला सी६-७ ची गादी सरकली होती, डावा हात खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत असा पेटायचा की रात्री हात डोक्यावर ठेवून बसल्या बसल्या झोपायचे. मलाही ऑपरेशन सुचवलेलं. थांबले, गोळ्या, फिजिओ, दोनेक महिन्यांत आपोआप उतरत गेलं आणि आता काही नाही. त्यामुळे घाई नका करू एवढंच सांगेन.

रात्रपाळी_न्यूरो

न्यूरोसर्जरीत रेसिडेंट आहे, ड्युटी संपवून लिहितोय तर वाक्यं तुटक झाली तर समजून घ्या. आणि बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच.

ताई, तुमचा अनुभव अगदी खराय पण तो दुसऱ्या आजाराचा आहे, आणि हाच घोळ सगळीकडे होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. मानेच्या मणक्यातून बाजूला निघणारी नस दबली की हातात कळ जाते. प्रचंड दुखतं पण बहुतेकांचं बरं होतं, सरकलेली गादी बऱ्याचदा शरीर स्वतःच शोषून घेतं. अमेरिकेत रॉचेस्टर गावातल्या १९७६ ते १९९० मधल्या अशा ५६१ पेशंटचा अभ्यास १९९४ साली आला, त्यात शेवटच्या तपासणीला ९० टक्के लोक एकतर पूर्ण बरे होते नाहीतर किरकोळ त्रास उरलेला. तिथे थांबणं शहाणपणाचं, हाताची ताकद भराभर जात नसेल तर.

काळजीतल्या दादांच्या बाबांचं तसं नाही. तिथे बाजूची नस नाही, मधला मज्जारज्जूच दबलाय. त्याला मायलोपथी म्हणतात. मज्जारज्जू दबताना दुखेलच असं नाही, म्हणून तर लोक उशिरा येतात. तुमच्या त्या १८ मार्कांच्या स्केलचंच बघा, एमजेओए म्हणतात त्याला, मूळ जपानी ऑर्थोपेडिक असोसिएशनचं. त्यात हातांच्या हालचालीला ५, पायांना ७, हाताच्या संवेदनेला ३ आणि लघवीवरच्या ताब्याला ३. झाले १८. मानदुखीला त्यात एकही मार्क नाही! बाबांना हे जरूर सांगा. बटण आणि चप्पल, हीच त्यांची लक्षणं आहेत, मान दुखते की नाही हा प्रश्नच इथे बाजूला ठेवायचा. कार्पल टनेल समजून पट्टा बांधला जाणं हेही आम्ही नेहमी बघतो.

आता तुमचा तो दहा वर्षांचा पेपर. तो चेक प्रजासत्ताकातला, कादान्का आणि त्यांच्या टीमचा. काम प्रामाणिक आहे, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून या आजारात ऑपरेशन आणि बिनऑपरेशन तुलना करणारे अभ्यास मुळात फार कमी, त्यातला हा. पण त्यात घेतलेले पेशंट १२ आणि त्याच्या वरच्या मार्कांचेच होते, म्हणजे सौम्य ते मध्यम. बाबा त्या दाराच्या अगदी उंबरठ्यावर आहेत आणि खाली सरकतायत. शिवाय एवढ्या कमी लोकांत फरक असला तरी तो दिसेलच असं नाही, आणि दहा वर्षांपर्यंत त्यातलेही बरेच गळाले होते. त्यानंतर टोरंटोचे मायकल फेलिंग्ज वगैरे मंडळींनी उत्तर अमेरिकेत पावणेतीनशेच्या वर पेशंटचा पाठपुरावा केला, २०१३ ला छापला, त्यात ऑपरेशननंतर वर्षभराने सौम्य, मध्यम, तीव्र तिन्ही गटांचे मार्क वाढलेले दिसले. त्यात तुलनेला बिनऑपरेशनचा गट नव्हता हेही सांगून ठेवतो. तरी २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत १२ ते १४ म्हणजे मध्यम, ११ आणि खाली म्हणजे तीव्र, आणि दोन्हींना ऑपरेशनची शिफारस आहे. १५ ते १७ ला मात्र ऑपरेशन किंवा देखरेखीखाली फिजिओ, दोन्ही चालतं, पण बिघडलं तर लगेच ऑपरेशनकडे वळायचं.

आणि नुसता एमआरआय बघून कुणी घाबरवत असेल तर तेही चूक. जपानमध्ये काही त्रास नसलेल्या १२११ लोकांचा मानेचा एमआरआय काढला होता, २०१५ चा पेपर, तर ८७.६ टक्के लोकांत गादी फुगलेली निघाली. मज्जारज्जू दबलेलेही ५.३ टक्के होते, तेही ठणठणीत. नुसतं चित्र वाईट म्हणून ऑपरेशन कुणी सांगत नाही. बाबांच्या बाबतीत चित्र, हातोडीची तपासणी आणि चप्पल तिघंही एकच सांगतायत, म्हणून मी काळजीत आहे.

एक घरी करून बघा. बाबांना समोर बसवा, तळहात खाली, आणि जमेल तितक्या भराभर मूठ मिटायला-उघडायला सांगा, १० सेकंद मोजा. निरोगी माणूस साधारण २० किंवा जास्त वेळा करतो. त्यावरून निदान करायचं नसतं, पण आकडा आणि तारीख लिहून ठेवा.

गादी_सरकलेली

अरे बापरे, मला हा फरक माहीतच नव्हता. माझा वरचा सल्ला मागे घेते दादा, तुमच्या बाबांना तो लागू नाही.

मागून_उघडलेला

मी मागून केलेला पेशंट, लॅमिनोप्लास्टी, तीन ठिकाणी रज्जू दबला होता. मणक्याची मागची कमान एका बाजूने कापतात, दुसऱ्या बाजूला नुसती खाच पाडतात आणि दार उघडावं तशी ती उघडून ठेवतात, रज्जूला मागे सरकायला जागा होते. जपानमध्ये हिराबायाशींनी ही पद्धत काढली, जिथे मणक्यांच्या मागच्या बाजूने, रज्जूच्या पुढून जाणारा अस्थिबंध हाडासारखा कडक व्हायचा आजार जास्त आहे तिथलीच ही गरज.

मला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगतो. तिसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला गेलो तर उजवा हात खांद्यापासून वर जाईचना. पंजा चालतोय, बोटं चालतायत, पण कंगवा कानाच्या वर नेता येत नाही. मला वाटलं संपलं सगळं. सी५ पाल्सी म्हणतात, शंभरात पाचेक जणांना होते, पुढून केलं तरी होऊ शकते, आणि बहुतेकांची काही महिन्यांत सुटते. माझी सात महिने घेतले तिने. ते सात महिने बायको माझ्या केसांचा भांग पाडत होती, आणि रोज मी भिंतीवर बोटांनी चढत चढत पेन्सिलीची खूण करायचो, आज कुठवर पोचलो. ही शक्यता आधी कळली असती तर तेवढं रडलो नसतो. म्हणून सर्जनना स्पष्ट विचारा.

चालणं सुधारलं. बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत, बारीक बटणं अजून अडतात. मी दोन वर्षं अंगावर काढलं होतं, ते गेलेलं पूर्ण आलं नाही. पण होतं तिथून खाली गेलो नाही, आणि माझ्यासाठी तेच मोठं आहे.

काळजीतला_मुलगा

सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना वाचून दाखवलं. मूठ मोजली, उजव्या हाताने ११ आणि डाव्याने ९, बोटं उघडताना शेवटची दोन मागेच राहतात. बाबा स्वतःच गप्प झाले आकडा ऐकून. मग म्हणाले, तारीख ठरव.

आता पुढून की मागून हे सांगा प्लीज. आणि ती कृत्रिम गादी बसवतात, मान हलती राहते म्हणतात, ती चालेल का?

रात्रपाळी_न्यूरो

९ आणि ११ हे सर्जनना नक्की सांगा.

पुढून की मागून यावर २०२१ ला जामा या वैद्यकीय नियतकालिकात चांगला अभ्यास आला, १६३ पेशंट, कुणाला पुढून आणि कुणाला मागून हे चिठ्ठीने ठरवलेलं. वर्षभराने शारीरिक क्षमतेच्या प्रश्नावलीत दोन्ही सारखेच निघाले. गुंतागुंत पुढच्या गटात ४८ टक्के आणि मागच्यात २४, पण त्यातला मोठा भाग गिळायला त्रास होण्याचा, कारण पुढून जाताना अन्ननलिका बाजूला करून धरावी लागते, आणि तो बऱ्याच जणांचा नंतर ओसरतो. त्यात लॅमिनोप्लास्टीवाल्यांचं बरं निघालं, पण कुणाची लॅमिनोप्लास्टी करायची हे सर्जननी निवडलेलं होतं, चिठ्ठीने नाही, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नका.

आणि एक महत्त्वाचं, त्या अभ्यासात दोन्ही बाजूंनी करता येण्यासारखेच पेशंट घेतले होते. काही मानांत तो पर्यायच नसतो. बाबांच्या मानेचा बाक बघायला लागेल. मान नीट मागे वळलेली असेल तर मागून उघडल्यावर रज्जू मागे सरकतो. पुढे वाकलेली असेल तर मागून कितीही जागा केली तरी रज्जू पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो, तिथे पुढून जावं लागतं. दोनच ठिकाणी आणि गादीमुळे पुढून दबलं असेल तर बरेच जण पुढून जाणं पसंत करतात, ही पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आलीय आणि हात बसलेला असतो. म्हणजे दोन सर्जन दोन गोष्टी सांगतायत म्हणून त्यातला एक चुकतोय असं नाही. ज्याचा हात ज्या बाजूने जास्त बसलाय तोही मुद्दा आहेच, आणि तो विचारायला लाजू नका.

कृत्रिम गादीची कल्पना चांगली आहे. पुढून करताना सहसा गादी काढून मणके एकमेकांना जोडतात, आणि ते जोडले की शेजारच्या सांध्यावर भार येतो, १९९९ च्या एका गाजलेल्या पेपरात दरवर्षी साधारण २.९ टक्के लोकांना शेजारी नवा त्रास झालेला दिसला, दहा वर्षांत जवळपास चौथा हिस्सा. अर्थात त्यातलं किती जोडल्यामुळे आणि किती वयामुळे यावर अजून भांडणं आहेत. अमेरिकेत २००७ पासून कृत्रिम गाद्यांना मान्यता आहे. पण ती मुख्यतः ज्यांचे सांधे अजून हलते आहेत त्यांच्यासाठी. ६३ व्या वर्षी मागचे सांधे झिजून घट्ट झालेले असतील तर हलतं ठेवायला उरतं काय? एक्सरे बघितल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही, पण फार आशा धरू नका.

ऑपरेशनसोबत रिलुझोल नावाची गोळी देऊन बघितली होती, ३०० पेशंटवर, तीही २०२१ चीच. सहा महिन्यांनी हातापायाच्या मार्कांत फायदा दिसला नाही. मला स्वतःला याचं फार वाईट वाटलं होतं, कारण गेलेली बोटं परत आणणारं काहीतरी आमच्या हातात हवंय.

फिजिओ_वॉर्डातली

थोडंसं माझंही. ऑपरेशन होईपर्यंत कुणाकडूनही मान कडकन मोडून घेऊ नका, जोराची मालिश नको, ट्रॅक्शन नको. पडणं सगळ्यात धोक्याचं, दबलेल्या रज्जूला साधा धक्काही पुरतो, तेव्हा रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा लावून ठेवा आणि ती निसटणारी चप्पल बंद करून मागून पट्टा असलेली द्या. लघवीला ताण पडायला लागला, किंवा पाय एकदम जड झाले तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या. बाबा सिगारेट ओढत असतील तर आजच बंद, हाड जुळायला तंबाखू आडवी येते.

आणि आताच मोबाईलवर बटण लावतानाचा आणि दहा पावलं चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. तीन महिन्यांनी बाबा म्हणतील काहीच फरक नाही, तेव्हा दाखवायला.

काळजीतला_मुलगा

बाबा सिगारेट ओढत नाहीत, तंबाखू खायचे, काल डबी माझ्या हातात दिली. व्हिडिओ काढला, वरून दुसरं बटण लावायला ४० सेकंद लागली, मी मदतीला हात पुढे केला तर नको म्हणाले.

गुरुवारी दोन्ही सर्जनकडे वेळ मिळालीय. कागदावर लिहून नेतोय: मानेचा बाक कसा आहे, तुम्ही कुठल्या बाजूने जास्त करता, सी५ पाल्सी, गिळण्याचा त्रास, आणि काय परत येईल काय नाही. शेवटचा प्रश्न बाबांनी त्यांच्या हाताने लिहिलाय, अक्षर वेडंवाकडं झालंय पण वाचता येतं.